बाळू पालवणकर : पहिल्या भारतीय संघाचा आधारस्तंभ



थोर व्यक्तींच्या परिचयमालेत आज आपण एका खेळाडूची माहिती घेणार आहोत. आपल्या नागऱ्याकडे धान कापून झाला की रिकाम्या बांध्यांमध्ये पोरांचं क्रिकेट सुरू होतं. फळकुटाची बॅट, रबरी चेंडू आणि विटांचे स्टंप. फुटबॉल असला तर तोही लाथाडतात. या पोरांना आवडता खेळाडू विचारा, मेस्सी, रोनाल्डो, कोहली, धोनी अशी नावं धडाधड येतात. एक प्रश्न मात्र पोरं हमखास विचारतात. संघ साधा आणि एकच खेळाडू भारी, असं असलं तर जिंकता येतं का सर?

उत्तर द्यायला आपल्याकडे चांगली उदाहरणं आहेत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ चौथा आला होता, हे कितीतरी मुलांना ठाऊक नसतं. तिथे मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा या गोमंतकीय खेळाडूने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारताने तो सामना ४-२ असा जिंकला. त्याच्यावर स्वतंत्र लेख लिहायला हवा. पण त्याही आधी, तब्बल ४५ वर्षं आधी, देशाच्या नावाने पहिल्यांदाच बाहेर पडलेला एक दुबळा संघ एका मराठी माणसाने आपल्या डाव्या हातावर तोलून धरला होता. खेळ क्रिकेटचा होता आणि खेळाडूचं नाव बाळू पालवणकर. त्या काळच्या वर्तमानपत्रांत आणि धावफलकांवर हे नाव पी. बाळू असं यायचं.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. कुटुंब चर्मकार समाजातलं आणि मूळ गाव कोकणातलं पालवण, म्हणून आडनाव पालवणकर. पुढे घर पुण्याला आलं. पुणे म्हणजे तेव्हा मोठी लष्करी छावणी. गोरे अधिकारी क्रिकेट खेळायचे आणि त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी, चेंडू आजूबाजूच्या मुलांच्या हाती लागायचे. बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल या अशाच उरल्यासुरल्या सामानावर खेळायला शिकले. शाळा फार झाली नाही. घराला पगाराची गरज होती.

पहिली नोकरी लागली ती पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात. काम काय, तर मैदान झाडणं आणि खेळपट्टीवर रोलर फिरवणं. पगार महिना तीन रुपये. अधूनमधून सभासदांना सरावासाठी चार चेंडू टाकायचे, एवढाच काय तो खेळाशी संबंध. १८९२ च्या सुमारास ते पुण्याच्या युरोपियन लोकांच्या क्लबात गेले. इथे चार रुपये मिळू लागले. सरावाच्या जाळ्या बांधायच्या, खेळपट्टी तयार करायची, टेनिसच्या कोर्टावर चुन्याच्या रेघा मारायच्या. वय सोळा.

याच ठिकाणी एका गोऱ्या सभासदाने त्यांना चेंडू टाकायला प्रोत्साहन दिलं. बाळू डावखुरे होते. मंद गतीने चेंडू टाकायचे, पण प्रत्येक चेंडू वेगळा. कधी चेंडू उंच सोडायचा, कधी सपाट. कधी टप्पा पडल्यावर तो आत यायचा, कधी बाहेर निघायचा. फलंदाजाला वाटायचं, हा तर सोपा चेंडू आहे, आणि तिथेच तो फसायचा. मुलांना फिरकी समजावून सांगायची असेल तर भोवऱ्याचं उदाहरण द्या. दोरीला जसा पीळ, तसा भोवरा. बाळूंच्या बोटांत तो पीळ होता.

क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज होते. लष्करात अधिकारी होते आणि इंग्लंडमध्ये हॅम्पशायर काउंटीकडून खेळायचे. या साहेबांना बाळूची गोलंदाजी इतकी आवडली की इतर लोक येण्याच्या तासभर आधी ते मैदानावर यायचे आणि बाळूला चेंडू टाकायला लावायचे. आपल्याला बाद केलं की प्रत्येक वेळी ते आठ आणे द्यायचे, असं सांगतात. आता हिशेब करा. महिन्याचा पगार चार रुपये, म्हणजे आठ वेळा साहेबाला बाद केलं की महिन्याभराचा पगार वसूल! रुपये-आणे शिकवताना हे उदाहरण चौथीच्या वर्गात सांगून बघा, मुलं लगेच हिशेबाला लागतात.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या क्लबात बाळूंनी शेकडो तास चेंडू टाकले, तरी फलंदाजी करायला त्यांच्या हातात कुणी एकदाही बॅट दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची, चेंडू टाकणं हे नोकराचं काम. खरं सांगायचं तर जगातल्या उत्तम गोलंदाजांपैकी एक जण असा रोलर ओढता ओढता घडला. त्याच्यासाठी ना प्रशिक्षक होता ना शिष्यवृत्ती.

हळूहळू पुण्यात बातमी पसरली की युरोपियन क्लबातला एक माणूस ग्रेग साहेबांना बाद करतो. पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला युरोपियन संघाला हरवायची फार इच्छा होती. त्यासाठी बाळू हवे होते. पण त्यांना संघात घ्यायचं म्हणजे काय? ज्याची सावली चालत नाही त्याच्यासोबत खेळायचं? वाद झाला. क्लबातले तेलुगू सभासद त्यांना घ्यावं म्हणत होते आणि काही पुणेकर ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. बाळूंना न घेणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, अशा अर्थाचं मत खुद्द ग्रेग साहेबांनी जाहीरपणे मांडलं म्हणतात. शेवटी बाळू संघात आले.

आता पुढचा भाग वर्गात सांगताना घाई करू नका. मैदानावर सगळे सारखे. एकच चेंडू बाळूंच्या हातातून यष्टिरक्षकाच्या हातात जायचा, तिथून दुसऱ्याच्या. कुणाला काही बाट लागत नव्हती. पण चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू मंडपात बसून चिनीमातीच्या कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना मंडपाबाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. तोंड धुवायचं असेल तर मैदानाच्या कोपऱ्यात जायचं. तिथे अस्पृश्य समाजातलाच नोकर वरून पाणी ओतणार. जेवणाचं ताट वेगळं, टेबल वेगळं. आणि जेवण झालं की पुन्हा त्याच लोकांसाठी गडी बाद करायचे.

आपल्या शाळेत दुपारी पोषण आहाराची पंगत बसते. मुलं मांडीला मांडी लावून खिचडी खातात, एकाच टाकीच्या नळाचं पाणी पितात. त्यांना हा प्रसंग सांगितला की एखादं पोरगं विचारतंच, मग त्यांनी बाळूकडून चेंडू का घेतला? मोठ्या माणसांना अवघड जाणारा प्रश्न मुलं किती सहज विचारतात बघा. याचं उत्तर देण्याची घाई आपण करू नये असं मला वाटतं. वर्गात तो प्रश्न थोडा वेळ तसाच राहू द्यावा.

बाळूंच्या गोलंदाजीमुळे पुण्याच्या हिंदू संघाने युरोपियनांना हरवलं. साताऱ्याला तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना होता. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून त्यांनी म्हणे खेळपट्टी आठवडाभर दाबून दाबून टणक केली. तरी बाळूंनी सात गडी बाद केले. पुण्यात सत्कार झाला. न्यायमूर्ती रानडे यांनी, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे, अशा अर्थाचे विचार मांडल्याचं सांगितलं जातं. लोकमान्य टिळकांनीही त्यांचं जाहीर कौतुक केलं. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

१८९६ मध्ये पुण्या-मुंबईकडे प्लेगची साथ आली. त्या सुमारास बाळू मुंबईला गेले. तिथे पुढे त्यांना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. इथेही प्रवेश देताना काही सभासदांनी नाकं मुरडली होती. पण विकेट घेणारा माणूस कुणाला नको असतो?

त्या वेळचं मुंबईचं क्रिकेट आजच्यासारखं नव्हतं. संघ शहराचे किंवा राज्याचे नसत, धर्माचे असत. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. १९०७ पासून तिरंगी आणि मुसलमानांचा संघ आल्यावर १९१२ पासून चौरंगी सामने सुरू झाले. आज हे विचित्र वाटतं. पण सत्तेत बसलेल्या साहेबाला उघडपणे हरवायची जागा तेव्हा फार थोडी होती आणि मैदान ही त्यातली एक.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईला हिंदू विरुद्ध युरोपियन असा मोठा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या आणि युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदूंनी १६० केल्या. म्हणजे युरोपियनांना जिंकायला २१२ हव्या होत्या. ते १०२ धावांत गारद झाले आणि हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंची गोलंदाजी या विजयात मोलाची होती आणि धाकटे भाऊ शिवरामही संघात होते. वर्षभरापूर्वीच जपानने रशियासारख्या बलाढ्य देशाला युद्धात हरवलं होतं. त्यामुळे गोऱ्यांना हरवता येतं ही भावना सगळीकडे होती. सुधारक मंडळींनी वर्तमानपत्रांतून लिहिलं की जातीची बंधनं थोडी सैल केल्याबरोबर काय घडतं ते पहा. जुन्या विचारांच्या लोकांना ते फारसं रुचलं नसणार, हे वेगळं सांगायला नको.

आता येऊया मुख्य गोष्टीकडे.

१९११ साली सगळ्या हिंदुस्थानचा मिळून एक संघ इंग्लंडला पाठवायचं ठरलं. याआधी पारशांचे संघ १८८६ आणि १८८८ ला इंग्लंडला जाऊन आले होते. पण सगळ्या धर्मांचा एकत्र संघ कधी गेला नव्हता. आधीचा प्रयत्न कुणाचे किती खेळाडू घ्यायचे यावरून फिसकटला होता. या वेळी कसंबसं जमलं. कर्णधार झाले पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग. बाकीच्यांत सहा पारशी, पाच हिंदू आणि तीन मुसलमान. हिंदूंच्या पाच जणांत बाळू आणि शिवराम हे दोन भाऊ होते. ज्या देशात त्यांना विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्या देशाचे प्रतिनिधी म्हणून ते बोटीत बसले. बाळूंचं वय तेव्हा ३५ होतं. आजच्या हिशेबाने खेळाडूच्या निवृत्तीचं वय.

हा संघ दुबळा होता, यात लपवण्यासारखं काही नाही. एकत्र सराव नव्हता. बहुतेकांनी इंग्लंडची हवा, तिथल्या खेळपट्ट्या पाहिलेल्या नव्हत्या. आणि समोर काउंटी संघ, म्हणजे रोज क्रिकेट खेळून पोट भरणारी माणसं. त्यात कर्णधार महाराज! राजे पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक २२ जून १९११ ला लंडनमध्ये होता. मेजवान्या, भेटीगाठी यांतच महाराज अडकले. थोडे सामने खेळून ते संघातून बाजूला झाले. बरं, एकटे गेले असते तर एक वेळ चाललं असतं. संघातले सगळ्यात चांगले फलंदाज केकी मिस्त्री हे महाराजांचे चिटणीस होते. महाराज निघाले तसे मिस्त्रीही गेले. म्हणजे कर्णधार नाही आणि मुख्य फलंदाजही नाही.

त्यात निसर्गही विरोधात. इंग्लंडचा उन्हाळा एरवी ओलसर असतो. पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर फिरकी गोलंदाजाची दिवाळी असते. पण १९११ चा उन्हाळा तिथल्या इतिहासातला फार कडक आणि कोरडा ठरला. खेळपट्ट्या दगडासारख्या टणक. शिवाय बाळूंचा खांदा दुखत होता. अशा स्थितीत शहाणा संघ आपल्या मुख्य गोलंदाजाला विश्रांती देतो. इथे विश्रांती द्यायला दुसरं होतं कोण? बाळूंनीच चेंडू टाकायचे, सकाळी टाकायचे आणि संध्याकाळीही टाकायचे.

सुरुवातीचे सामने एकामागून एक हरले. लॉर्ड्सच्या मैदानावर एमसीसीशी खेळले, हरले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध बाळूंनी एका डावात १०३ धावा देऊन ८ गडी बाद केले, ही त्यांची आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरी. तो सामनाही संघ हरला. इथे जरा थांबा. एका माणसाने आठ गडी बाद करूनही संघ हरतो. मुलांच्या त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. एकट्याने संघ जिंकवता येतो का? नेहमी नाही. पण बाळू दुसऱ्या सामन्यात पुन्हा तितक्याच जोमाने चेंडू टाकायला उभे राहत होते.

मग लेस्टरशायरचा सामना आला. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून ११ गडी बाद केले आणि हिंदुस्थानच्या संघाने एका काउंटी संघाला त्याच्या घरी हरवलं. पाठोपाठ सॉमरसेटशी गाठ पडली. हा सामना तर शेवटच्या विकेटपर्यंत गेला आणि हिंदुस्थान एका गड्याने जिंकला. त्यात शतक कुणाचं होतं? शिवराम पालवणकरांचं. म्हणजे दौऱ्यातल्या प्रथम श्रेणीच्या दोन विजयांपैकी एकात थोरला भाऊ आणि दुसऱ्यात धाकटा.

अख्ख्या दौऱ्यात २३ सामने झाले. त्यातले ६ जिंकले, १५ हरले आणि २ अनिर्णित राहिले. कागदावर पाहिलं तर अपयशी दौरा. पण बाळूंच्या नावापुढचा आकडा बघा. दौऱ्यातल्या सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी, सरासरी १९ धावांच्या आत. दुखऱ्या खांद्याने, कोरड्या खेळपट्टीवर, हरणाऱ्या संघाकडून. इंग्लंडमधल्या जाणकारांनी त्यांची मनापासून तारीफ केली. इथेच राहून एखाद्या काउंटीकडून खेळा, असंही सुचवलं गेलं. बाळू परत आले.

त्याच उन्हाळ्यात, २९ जुलै १९११ ला, इकडे कलकत्त्यात मोहन बागानच्या फुटबॉल संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शिल्ड जिंकली होती. अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले होते. एकीकडे अनवाणी फुटबॉलपटू आणि दुसरीकडे इंग्लंडमध्ये चेंडू फिरवणारे बाळू. १९११ हे साल इतिहासाच्या तासाला सांगताना आपण दिल्ली दरबार आणि वंगभंग रद्द झाल्याचं सांगतो. हेही त्यात जोडा. मुलांना सनावळी लक्षात ठेवायला खेळाची मदत होते.

मुंबईत परतल्यावर दलित समाजाच्या वतीने बाळूंचा सत्कार झाला. त्या सत्काराचं मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने तयार केलं होतं, असं सांगतात. त्या विद्यार्थ्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. बाबासाहेबांच्या सार्वजनिक कामाचा आरंभ इथे झाला असं काही अभ्यासक मानतात. त्या काळात दलित घरांतल्या मुलांना आपला म्हणून दाखवता येईल असा देशभर गाजलेला माणूस म्हणजे बाळू. बाबासाहेबांनाही त्यांच्याबद्दल मोठा अभिमान होता.

एवढं सगळं केल्यावर बाळू हिंदू संघाचे कर्णधार झाले असतील असं तुम्हाला वाटेल. नाही झाले. वर्षामागून वर्षं गेली, अनुभवाने आणि कामगिरीने ते सगळ्यांच्या पुढे होते, तरी कर्णधारपद दुसऱ्याकडेच जायचं. १९१३ ला एम. डी. पै कर्णधार झाले. पै मोठ्या मनाचे. हा मान खरा बाळूंचा आहे, असं त्यांनी सत्काराच्या वेळी मोकळेपणाने सांगितलं. सांगितलं, पण व्यवस्था बदलली नाही. आपल्याकडे बाळूंवर जे छोटे परिच्छेद छापले जातात त्यात बहुधा त्यांनी सर्व अडचणींवर मात केली असं एक वाक्य असतं. ते वाक्य मला खटकतं. सर्व अडचणींवर मात नाही झाली. काही अडचणी त्यांच्या हातातल्या नव्हत्याच. त्या निवड समितीच्या हातात होत्या.

१९२० च्या डिसेंबरात प्रकरण टोकाला गेलं. चौरंगी सामन्यांच्या वेळी पै आजारी होते. कर्णधारपद बाळूंना मिळायला हवं होतं. ते तर मिळालं नाहीच, उलट त्यांना संघातूनच वगळलं आणि पुण्याचे दि. ब. देवधर कर्णधार झाले. देवधर खेळाडू म्हणून मोठेच, पुढे त्यांच्या नावाचा करंडकही सुरू झाला. पण बाळूंपुढे ते तेव्हा नवखे होते. शिवराम आणि विठ्ठल या दोन्ही भावांनी संघातून माघार घेतली आणि कारण जाहीर पत्राने सांगितलं. वयाची, अनुभवाची गोष्ट असती तर आम्ही गप्प बसलो असतो, पण इथे जात आडवी आली आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा सूर होता. विचार करा, १९२० साल. आपली जागा धोक्यात घालून दोन खेळाडू निवड समितीला जातीबद्दल जाब विचारतात.

योगायोग असा की त्याच महिन्यात आपल्या नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. गांधीजींचा असहकाराचा ठराव तिथे मंजूर झाला आणि अस्पृश्यता गेल्याशिवाय स्वराज्य नाही हा विचार देशभर बोलला जात होता. मुंबईत लोकांनी पालवणकर बंधूंची बाजू घेतली. समितीला नमतं घ्यावं लागलं. पुढच्या सामन्यासाठी पै बरे होऊन परत आले आणि बाळूंना उपकर्णधार केलं गेलं. सामना चालू असताना पै मैदान सोडून बाहेर गेले आणि तेवढा वेळ संघाची सूत्रं बाळूंच्या हाती आली. वयाच्या ४४ व्या वर्षी, तेवढाच वेळ.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतलं. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. थोरल्या भावाविषयी जी माहिती आज मिळते, तिचा मोठा भाग घरातल्याच या माणसाने लिहून ठेवल्यामुळे मिळते. बाळूंनी स्वतः लिहून ठेवलं असतं तर! पण मैदान झाडण्याच्या वयात शाळा सुटलेल्या माणसाकडून ही अपेक्षा आपण करायची का, हाही प्रश्नच आहे.

भारताचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सला २५ जून १९३२ ला सुरू झाला. कर्णधार होते आपल्या नागपूरचे सी. के. नायडू. बाळू तेव्हा ५६ वर्षांचे. त्यामुळे कसोटीच्या यादीत त्यांचं नाव सापडत नाही आणि नुसती आकडेवारी पाहणाऱ्या मुलांना ते भेटतही नाहीत. प्रथम श्रेणीत ते ३३ सामने खेळले आणि १७९ गडी बाद केले, सरासरी १५.२१. या सरासरीचा अर्थ मुलांना समजावून द्या. दर पंधरा धावांमागे एक बळी. गोलंदाजाची सरासरी जितकी कमी तितकी चांगली, हे मुलांना आधी उलटं वाटतं. फलंदाजाची सरासरी शेजारी मांडली की लगेच कळतं.

आता शेवटचा आणि सगळ्यात अवघड भाग. बरेच लेखक तो गाळतात.

१९३० नंतर बाळू राजकारणात आले. दलितांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत की संयुक्त, हा तेव्हाचा मोठा वाद होता. बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघ मागत होते आणि बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने होते. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याला गांधीजींचं उपोषण झालं आणि त्यातून पुणे करार झाला. त्या वाटाघाटींत बाळू होते आणि करारावर त्यांची सही आहे. पुढच्या वर्षी त्यांनी मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली, त्यात पराभव झाला. आणि १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना उमेदवार केलं ते थेट बाबासाहेबांच्या विरोधात. बाळूंची स्वतःची फारशी इच्छा नव्हती म्हणतात. बाबासाहेबांना १३,२४५ मतं मिळाली आणि बाळूंना ११,२२५. बाबासाहेब निवडून आले.

पंचवीस वर्षांपूर्वी ज्याच्या सत्कारात तरुण भीमरावांनी भाग घेतला, तोच माणूस आता समोर उभा. हे मुलांना कसं सांगायचं? आमच्या भागात घराघरात बाबासाहेबांचा फोटो आहे. चौदा एप्रिलला मुलं भाषणं करतात. बाळूंबद्दल भरभरून सांगितल्यावर ही निवडणूक सांगितली की मुलं गोंधळतात, कुणाच्या बाजूने व्हायचं तेच कळत नाही. काही पालक म्हणतील, सर, एवढं कशाला सांगता? क्रिकेटपर्यंत थांबा ना. मला ते पटत नाही. पाचवी-सहावीच्या मुलाला एवढं नक्की कळतं की दोन चांगली माणसं एकाच दुःखावर दोन वेगळे उपाय सांगू शकतात. त्याच्या घरीच आई आणि आजी रोज तसं करत असतात. लहान वर्गांना मात्र चहाच्या प्रसंगापर्यंत आणि १९११ च्या दौऱ्यापर्यंतच सांगा. निवडणूक वरच्या वर्गांसाठी ठेवा आणि सांगताना बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघ का मागत होते, हे आधी नीट सांगा. तो मुद्दा न सांगता नुसती लढत सांगितली तर दोघांवरही अन्याय होईल.

निवडणुकीनंतर बाळू सार्वजनिक जीवनातून हळूहळू मागे पडले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. अंत्यसंस्कार सांताक्रूझला झाले. त्या वेळी क्रिकेटपटू आणि दलित समाजाचे नेते, दोन्हीकडची माणसं तिथे आली होती.